बांधालगतचे पांढरे शंख, कापसाची खाल्लेली रोपं

पारोळा तालुक्यात बोरी नदीच्या अलीकडच्या एका वावरातलं हे प्रकरण. वावर उताराचं आहे. वरचा भाग मुरमाड आणि हलका, मधला काळा, आणि अगदी खालचा कोपरा पाणी धरून ठेवणारा. ठिबकवर कापूस लावलेला होता आणि रोपं दोन पानांवर होती. मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला. वरून आलेलं पाणी खालच्या बांधाला अडलं. ते ओसरल्यावर दोन गोष्टी एकाच वेळी दिसल्या. खालच्या कोपऱ्यातली रोपं कुणीतरी रातोरात खात होतं: कुठे पानं गायब होऊन नुसता दांडा उरलेला, कुठे रोप जमिनीलगत कुरतडलेलं. आणि त्याच कोपऱ्यात, बांधाच्या पायथ्याशी, बारीक पांढऱ्या शंखांचा वीतभर रुंदीचा पट्टा लागलेला होता. ओंजळीने उचलावेत इतके शंख.

शेतकऱ्याच्या मुलाने दोन्हींचे फोटो काढून गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले. दुपारपर्यंत 'आपल्याकडेही शंखी आली', म्हणजे पिकं फस्त करणारी मोठी गोगलगाय आली, हे गावभर झालं, आणि संध्याकाळच्या आत कृषी सेवा केंद्रातून मेटाल्डिहाइड या गोगलगायी मारायच्या विषाच्या गोळ्यांची पिशवी घरी येऊन पडली. रात्री टाकायच्या ठरल्या. मी प्राणिशास्त्र शिकवतो आणि गोगलगायी हा माझ्या आवडीचा विषय, हे त्या शेतकऱ्याला, आप्पांना, ठाऊक होतं. त्यांचा फोन आला: "सर, वावरमा शंखी उनी. आते काय करानं?"

त्यांना एवढंच म्हटलं की आजची रात्र पिशवी फोडू नका, मी येतो.

हे सविस्तर लिहितो आहे, कारण मुक्ताईनगरपासून नंदुरबारपर्यंतच्या कुठल्याही कोरडवाहू गावात हेच पुन्हा घडू शकतं. फोटोतला शंख आणि खाल्लेलं रोप शेजारी शेजारी दिसलं की माणूस दोन्हींची सांगड घालून मोकळा होतो. इथे ती सांगड चुकीची होती, आणि का चुकीची होती हे त्या बारक्या गोगलगायीच्या जगण्याच्या रीतीतच होतं.

भीती कुठून आली

भीती मात्र अनाठायी नव्हती. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं, शेतकऱ्यांना दुबार पेरण्या कराव्या लागल्या. त्या बातम्या आणि व्हिडिओ खानदेशातल्या प्रत्येक फोनमध्ये पोचले होते. त्या नुकसानीत जिचं नाव सगळ्यांत जास्त गाजलं ती शंखी गोगलगाय, शास्त्रीय नाव लिसाकॅटिना फुलिका, मूळची पूर्व आफ्रिकेची. भारतात ती आपल्या पायांनी आली नाही. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन या शंखांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून जिवंत गोगलगायी कलकत्त्याला आणल्या, त्या चौरंगीतल्या एका बागेत सोडल्या गेल्या आणि तिथून पसरत राहिल्या. पूर्ण वाढलेली शंखी सहज तळहातभर होते. प्रत्येक गोगलगायीत नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, आणि ती एका वेळी शंभराहून जास्त पिवळसर पांढरी अंडी ओल्या मातीत घालते. खाण्याच्या बाबतीत तिला पपई, केळी, भाजीपाला, सोयाबीन असा फारसा भेद नाही.

म्हणून मुलाचं म्हणणं साफ चुकीचं ठरवण्यासारखं नव्हतं. "सर, ह्या तिचीच पिल्लं असतील. आत्ता लहान आहेत, महिन्याभरात मोठ्या होतील. तेव्हा मारून काय उपयोग?" हा प्रश्न चांगला होता. पहिली तपासणी म्हणूनच याच प्रश्नाची करायची ठरवली: समोरचा शंख म्हणजे मोठ्या जातीचं पिल्लू, की लहान जातीतला पूर्ण वाढलेला जीव?

शंख हातात घेतल्यावर

गोगलगायीचं एक बरं असतं, तिचं सगळं वय तिच्या अंगावर लिहिलेलं असतं. शंखाचा शेंडा म्हणजे तिचं बाळपण. त्यानंतरची वाढ वेटोळ्यावेटोळ्याने तोंडाकडे होत जाते. त्यामुळे शंख किती लांब आहे यापेक्षा त्याला किती वेढे आहेत हे आधी मोजायचं.

बांधालगतचा एक धड शंख उचलून भिंगाखाली धरला. लांबी सेंटिमीटरच्या थोडी वर. अंग लांबट, जवळजवळ नळीसारखं, मध्ये किंचित फुगलेलं, शेंडा टोकदार नाही तर बोथट. वेढे सात ते आठ, एकमेकांवर दाटीने बसलेले, आणि त्यांच्यावर वरून खाली जाणाऱ्या अगदी बारीक रेषा. तोंड लहान, शंखाच्या एकूण लांबीच्या मानाने बरंच लहान. रंग खडूसारखा पांढरा, पण दगडाखालून काढलेल्या ताज्या शंखाचा रंग वेगळा होता. तो फिकट तपकिरी, थोडा आरपार दिसणारा होता.

शंखीचं सेंटिमीटरभराचं पिल्लू असं दिसत नाही. त्या लांबीला तिच्या शंखाला वेढे थोडेच झालेले असतात, शेवटचा वेढा सगळ्यांत मोठा आणि पोटाळ असतो, तोंड मोठं आणि उघडं असतं, आणि अंगावर तपकिरी उभे पट्टे असतात. सात-आठ वेढे पूर्ण झालेला सेंटिमीटरभराचा शंख हे म्हातारपण आहे, बाळपण नाही. हे आप्पांच्या मुलाला भिंगातून दाखवलं तेव्हा त्याने स्वतः वेढे मोजले, मग फोनमध्ये साठवलेला शंखीचा फोटो मोठा करून त्याचेही मोजायला लागला. मला वाटतं, त्या क्षणी प्रकरणाची दिशा बदलली. मी सांगून ती बदलली नसती.

दुसरा पुरावा आणखी पक्का निघाला. पांढऱ्या पडलेल्या रिकाम्या शंखांपैकी एक टाचणीने जपून फोडला. आत, वरच्या वेढ्यांत, दोन चिमुकले काचेसारखे शंख अडकलेले होते, त्यांनाही स्वतःचे दोन-तीन वेढे होते. ही मेलेल्या मादीच्या पोटातली पिल्लं. (मादी म्हणतो ते सोयीसाठी, इथेही प्रत्येक जीव दोन्ही असतो.) शंखी अंडी घालते. ही गोगलगाय अंडी पोटातच उबवून शंखासकट पिल्लं बाहेर सोडते. आणि जिच्या पोटात पिल्लं आहेत ती स्वतः कुणाचं पिल्लू असूच शकत नाही.

या खुणांवरून ओळख ठरली: झूटेकस ही प्रजाती, आणि तिच्यातली आपल्याकडे सर्वत्र आढळणारी जात झूटेकस इन्सुलॅरिस. जातीचं पहिलं वर्णन एरेनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८३१ मध्ये केलं, प्रजातीचं नाव १८८७ मध्ये वेस्टरलुंड यांनी दिलं. तिचा पसारा पाहिला तर ती किती कोरड्या मुलखाची आहे ते कळतं: आफ्रिकेच्या पश्चिमेची केप व्हर्द बेटं, उत्तर आफ्रिका, अरबस्तान, पाकिस्तान, भारताचे कोरडे प्रदेश, आणि पूर्वेला म्यानमारपर्यंत. कोकणातल्या गर्द ओल्या रानात गोगलगायींच्या कितीतरी जाती असतात. झूटेकस मात्र त्या उलट मुलखात राहते, जिथे दुसऱ्या गोगलगायी फारशा टिकत नाहीत.

आठ महिने कोरड, चार महिने जगणं

पारोळा-अमळनेर भागात वर्षाचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, आणि उघड्या मुरमाची जमीन हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते. गोगलगायीचं अंग म्हणजे पाण्याने भरलेली उघडी त्वचा. ती अशा जागी जगते कशी, हे आप्पांना आणि मुलाला समजावून सांगण्यात त्या दिवशी बराच वेळ गेला. तो वाया गेला नाही, कारण पुढचा सगळा निर्णय त्यावरच उभा होता.

पहिली गोष्ट, ती उन्हाळ्यात जगतच नाही, निदान आपण ज्याला जगणं म्हणतो तसं नाही. जमीन सुकायला लागली की ती दगडाखाली, गवताच्या मुळांत किंवा मातीच्या भेगेत शिरते, अंग शंखात ओढून घेते आणि तोंडावर स्वतःच्या चिकट स्रावाचा पडदा धरते. तो सुकून कागदासारखा होतो. श्वास आणि काळजाचे ठोके अगदी मंद होतात. खाणं बंद. पाऊस पडून माती ओली झाल्यावर पडदा फोडून ती बाहेर येते, खाते, पिल्लं सोडते, आणि जमीन सुकताच पुन्हा बंद. लहान तोंड हीदेखील इथे मोठी सोय ठरते. जेवढं तोंड लहान, तेवढी बाष्प निसटायची वाट लहान. पिल्लं पोटात वाढवण्याचा फायदाही तोच असावा: उघड्यावर घातलेली अंडी चार दिवस पावसाने दडी मारली तर सुकून जातील, शंखासकट जन्मलेलं पिल्लू मात्र लगेच आपलं दार लावून घेऊ शकतं.

या प्रकारच्या तगून राहण्याला किती ताणता येतं याची दोन उदाहरणं दिल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही झूटेकसची नाहीत, दुसऱ्या वाळवंटी प्रजातींची आहेत.

पहिलं इस्रायलच्या नेगेव वाळवंटातलं. तिथल्या स्फिंक्टेरोकिला या प्रजातीवर क्नूट श्मिट-नील्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. या गोगलगायी भर उन्हाळ्यात उघड्या जमिनीवर पडलेल्या असतात, जिथे पृष्ठभागाचं तापमान ६५ अंश सेल्सिअसपर्यंत जातं. तरी त्या मरत नाहीत. शंख इतका पांढरा की बहुतेक ऊन परत फेकतो. शिवाय गोगलगाय जमिनीला टेकलेल्या मोठ्या वेढ्यातून आत वर सरकते, त्यामुळे खाली हवेचा थर राहतो आणि जमिनीची आग थेट अंगाला लागत नाही. पाण्याची गळती दिवसाला अर्धा मिलिग्रॅम. या हिशेबाने ती पावसाविना वर्षानुवर्षं काढू शकते.

दुसरं उदाहरण लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं. इजिप्तहून आलेला एरेमिना डेझर्टोरम या गोगलगायीचा शंख २५ मार्च १८४६ रोजी मेलेला समजून पुठ्ठ्यावर चिकटवला होता. मार्च १८५० मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं की पुठ्ठ्यावर ताजा स्राव लागलेला आहे. कोमट पाण्यात ठेवल्यावर गोगलगाय बाहेर आली, एक-दोन दिवसांत तिने कोबीचं पान खाल्लं आणि त्यानंतर ती आणखी दोन वर्षं जगली. चार वर्षं ती पुठ्ठ्याला चिकटून उपाशी होती.

हे ऐकून आप्पांनी जो प्रश्न विचारला तो थेट विषाच्या पिशवीवर जाऊन पोचला: "मग ही तोंड लावून बसली तर गोळी खाणार कशी?" बरोबर. मेटाल्डिहाइडची गोळी म्हणजे आमिष. गोगलगायीने ती खाल्ली किंवा तिच्यावरून सरकली तरच काम करते. तिच्या अंगातल्या स्राव करणाऱ्या पेशी बिघडतात, ती भरमसाट चिकटा सोडत सुकून मरते. दार बंद करून बसलेल्या गोगलगायीला त्याचा स्पर्शही होत नाही. पावसानंतर झूटेकस बाहेर येते तेव्हा गोळी तिला मारू शकेल, हे खरं. पण तेव्हाही ती मारण्याजोगं काही करते का, हा प्रश्न उरतोच.

मग एवढी रास कशाची

ढीग पाहून वाटत होतं की हजारो गोगलगायी रातोरात चालून आल्या. म्हणून एक सोपी चाचणी केली. पट्ट्यातले शंख घमेल्याने उचलून पाण्याच्या बादलीत टाकले. जवळजवळ सगळे तरंगले. जिवंत गोगलगायीचा शंख बुडतो, रिकाम्यात हवा अडकलेली असते म्हणून तो तरंगतो. तरंगलेले हातात घेऊन पाहिले: तोंडाशी पडदा नाही, आत माती, काहींच्या कडा झिजलेल्या, काहींवर चुन्याचा थर चढलेला. ढीग जिवंत गोगलगायींचा नव्हताच. ते जुनं स्मशान होतं, पाण्याने एका जागी आणून लावलेलं.

इथली माती हे त्याचं कारण. खानदेशातल्या बऱ्याच जमिनी चुनखडीच्या आहेत, नांगरटीत चुनखडीचे गोटे वर येतात. शंखही चुन्याचाच. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या मातीत रिकामा शंख काही काळात विरघळून जातो. आमच्या चुनखडीच्या मातीत तो वर्षानुवर्षं, कधी पिढ्यान्‌पिढ्या तसाच राहतो. म्हणजे वावराच्या एका वाफ्यात दिसणारे शंख एका पावसाळ्याचे नसतात, कित्येक पावसाळ्यांचे साठलेले असतात. आणि पहिल्या मोठ्या पावसात हे हलके, हवा भरलेले शंख पालापाचोळ्यासोबत वाहत खालच्या बांधाला येऊन लागतात.

इतका वेळ ओट्यावर गवार निवडत बसलेल्या काकूंनी यावर एक भर घातली. त्यांच्या माहेरी गिरणाकाठी गावाजवळच्या पांढरीतून, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडातून, गाडीगाडी माती आणून वावरात टाकायचे, खत म्हणून. "त्या मातीत असेच शंख असायचे. आम्ही पोरी वेचायचो. कोणी भ्यालं नाही कधी." तापी-गिरणेच्या काठी जुन्या वस्त्यांच्या पांढरी जागोजागी आहेत, आणि तशी माती शेतात टाकण्याची रीत होतीच. या वावरातही आप्पांच्या वडिलांनी ती टाकलेली होती. काकूंचं बोलणं माझ्या बादलीइतकंच कामाचं होतं: शंख दिसणं ही नवीन गोष्ट नव्हती, फक्त या वर्षी कुणीतरी त्यांचा फोटो काढला होता.

जिवंत झूटेकस कुठे होत्या? वरच्या मुरमाड भागात, बांधातल्या दगडांखाली, गवताच्या बुडख्यांत. एकेका दगडाखाली मोजक्याच. म्हणजे जिवंत गोगलगायी वर, आणि खाल्लेली रोपं खाली. मधल्या पट्ट्यातली रोपं तर धडधाकट होती.

रात्रीची बॅटरी

चोर पकडायचा तर चोरीच्या वेळेला गेलं पाहिजे. रात्री जेवणं आटोपून आप्पा, मुलगा, सालदार आणि मी बॅटऱ्या घेऊन खालच्या कोपऱ्यात गेलो. गोगलगाय खाऊन गेली असेल तर वाळलेल्या चिकट्याची चकचकीत रेघ मागे राहते, बॅटरी तिरकी धरली की ती चांदीसारखी उजळते. एकाही कुरतडलेल्या रोपाशी ती रेघ नव्हती. दिवसाही शोधली होती, तेव्हाही नव्हती.

रोपांवर होती ती वाणी, काही गावांत जिला पैसा म्हणतात. काळपट तपकिरी, गोल अंगाची, असंख्य पायांची, हात लावला की वेटोळं करून पडणारी. एका रोपाच्या बुडाशी तिघी-चौघी. सालदाराने एक बॅटरीच्या उजेडात बराच वेळ न हलवता धरून ठेवली: वाणीचं डोकं पानाच्या कडेला लागलेलं, आणि पान कडेकडेने आत सरकत चाललेलं. शंका घ्यायला जागाच राहिली नाही.

वाणी मुळात कुजका पाला खाणारी. ओल्या काडीकचऱ्यात तिची संख्या वाढते, आणि त्याच जागी कोवळं रोप मिळालं की ती रोपावर येते. मागच्या वर्षीच्या कापसाच्या काड्या इथे रोटाव्हेटरने मातीत मिसळल्या होत्या. पावसाने तो सगळा कचरा वाहून खालच्या कोपऱ्यात लावला, तिथे पाणी साचलं, वाणीला हवी ती ओल आणि हवा तो आडोसा मिळाला. आणि त्याच पाण्याने रिकामे शंखही तिथेच आणून टाकले. शंख आणि खाल्लेली रोपं एका जागी दिसली याला कारण एकच, उतार. दोघांना आणणारं पाणी एक होतं, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध काही नव्हता.

मी त्यावर आणखी एक खात्री करून घेतली. काही जिवंत झूटेकस माती भरलेल्या बरणीत ठेवल्या, वर जाळीचं कापड बांधलं, आत एक कापसाचं कोवळं रोप आणि कडुलिंबाची कुजकी पानं. माती ओली ठेवली. रोपाला त्यांनी तोंड लावलं नाही. कुजक्या पानांवरचा मऊ भाग मात्र खरवडला गेला, शिरांची जाळी उरली. हे तिच्या रीतीला धरूनच आहे: ती मातीतलं सडलेलं, बुरशी धरलेलं खाणारी आहे.

काय केलं आणि काय केलं नाही

गोळ्यांची पिशवी न फोडता दुकानात परत गेली. दुकानदाराने कुरकुर न करता घेतली, ही चांगली गोष्ट. मुलगा सुरुवातीला म्हणत होता की आणलीच आहे तर टाकून द्यावी, नुकसान तर काही नाही. नुकसान होतं. हे औषध मृदुकाय प्राण्यांसाठीचं आहे, वाणीवर त्याचा भरवसा नाही; म्हणजे रोपं जातच राहिली असती आणि दोन दिवसांनी 'औषध कमी पडलं' म्हणून आणखी टाकलं गेलं असतं. शिवाय गोळीत धान्याचा कोंडा असतो, तो कुत्र्याला खायला आवडतो. मेटाल्डिहाइडने कुत्र्याला झटके येतात आणि तो मरू शकतो. गुरांना आणि पाखरांनाही ते विषारी आहे. आप्पांच्या खळ्यात राखणीचा कुत्रा, बांधावर तित्तर आणि मोर, आणि शेजारच्या वावरात मोकळ्या शेळ्या. ब्रिटनने मार्च २०२२ अखेर बाहेरच्या वापरासाठी हे औषध बंद केलं ते पाखरं आणि वन्य प्राण्यांना होणाऱ्या धोक्यापायीच. आपल्याकडे खऱ्या शंखीच्या प्रादुर्भावात त्याची शिफारस होते, आणि गरज असेल तिथे जपून वापरायला माझा विरोध नाही. इथे गरज नव्हती.

वाणीसाठी जे केलं ते साधं होतं. खालच्या कोपऱ्यातला काडीकचरा आकडीने ओढून वावराबाहेर काढला. साचलेल्या पाण्याला बांधातून वाट करून दिली. या वावराला खरं तर तेवढंच हवं होतं. संध्याकाळी जागोजागी ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवले, पहाटे त्या ढिगांखाली जमलेल्या वाणी हातमोजे घालून गोळा केल्या आणि मिठाच्या पाण्यात टाकल्या. वाणीच्या अंगातून पिवळा, उग्र वासाचा द्रव येतो, त्याने कातडीला चट्टे पडतात, म्हणून हातमोजे. ऊन पडल्यावर कोळपणी केली, वरची माती सुकली, आणि कुरतडणं कमी होत थांबलं. मग गेलेल्या रोपांच्या जागी नांग्या भरल्या.

काड्या जागेवर कुजवणं मातीसाठी चांगलंच, ते सोडा असं मी म्हटलं नाही. खालच्या पट्ट्यात मात्र काड्यांचा ढीग नको, त्या वरच्या मुरमाड भागात पसराव्यात, तिथे सेंद्रिय भर हवीही आहे आणि पाणीही थांबत नाही, हे आप्पांनी स्वतःच ठरवलं.

बांधाचं काय

एवढं झाल्यावरही एक मुद्दा राहिला. बांध पेटवून साफ करायचा विचार घरात आधीपासून होता, आणि शंखांच्या धास्तीने तो पक्का होत आला होता. मी त्याला ठामपणे विरोध केला, आणि इथे मी पंच नव्हतो, पक्षकार होतो. उन्हाळ्यात बंद होऊन बसलेली झूटेकस पळू शकत नाही. आग लागली की दगडाखालची वाचेल कदाचित, गवताच्या बुडख्यातली भाजून निघते. पिल्लं थोडी, ती चालते वीतभर. उजाड झालेल्या बांधावर ती पुन्हा यायला किती वर्षं लागतील याचा अंदाज करा.

आणि ती तिथे बसून फुकट जागा अडवत नाही. पाला खाते, त्याची माती करते, मातीतला चुना अंगावर चढवते आणि मेल्यावर परत देते. पाखरांना अंड्याच्या कवचासाठी चुना लागतो. नेदरलँड्समधल्या ज्या जंगलांत माती आम्ल होऊन गोगलगायी कमी झाल्या, तिथे रामगंगा कुळातल्या पाखरांच्या अंड्यांची कवचं पातळ आणि सदोष निघू लागली, हे १९९४ मध्ये मांडलं गेलं. नेगेवमध्ये तर युकॉन्ड्रस नावाच्या बारक्या गोगलगायी चुनखडकाच्या आत वाढणारं दगडफूल खाण्यासाठी खडकच खरवडतात, आणि त्यातून हेक्टरी वर्षाला सुमारे एक टनापर्यंत माती तयार होते. आमच्या बांधावरची झूटेकस एवढं मोठं काम करते असा दावा करत नाही. पण मुरमाड बांधावर जिथे गांडुळंही फारशी टिकत नाहीत, तिथे पाल्याची माती करणाऱ्या जिवांत ती आहे.

बांध पेटवला नाही. गवत विळ्याने कापून गुरांना घातलं.

राहता राहिली खरी शंखी. ती या वावरात नव्हती, पण येणारच नाही असं नाही. ती बहुतेक वेळा माणसाच्या हातून येते: रोपवाटिकेतल्या पिशव्या, कुंड्या, बाहेरून आणलेलं शेणखत. आप्पांना श्रावणात लिंबाची कलमं लावायची होती. म्हणून मुलाला सांगितलं की कलमं उतरवली की प्रत्येक पिशवीचा तळ आणि कड बघायची, माती थोडी उकरून पिवळसर अंड्यांचा घोस आहे का ते पाहायचं, आणि सापडला तर तो वावरात न टाकता मिठाच्या पाण्यात बुडवायचा. गोगलगाय सापडली तर उघड्या हाताने धरायची नाही, कारण तिच्यात उंदरांच्या फुप्फुसातल्या जंताच्या अळ्या असू शकतात आणि त्या माणसाच्या मेंदूपर्यंत जातात. रात्री एखादा मोठा, तपकिरी पट्ट्यांचा, मोठ्या तोंडाचा शंख भिंतीवर दिसला आणि मागे चकचकीत रेघ असली, तर ओल्या गोणपाटाला गुळाचं पाणी लावून ते रात्री पसरायचं आणि पहाटे खाली जमलेल्या गोळा करायच्या, हे सगळ्या गावाने एकाच वेळी. एकट्याच्या वावराने ती आटोक्यात येत नाही.

मुलाने ग्रुपवर दुसरा फोटो टाकला तेव्हा त्यात दोन शंख शेजारी ठेवले होते, पांढरी झूटेकस आणि नेटवरून घेतलेल्या शंखीच्या पिल्लाचं चित्र, आणि दोन्हींवर वेढ्यांचे आकडे लिहिले होते. खाली त्याने लिहिलं होतं की पुढच्या वेळी फोटो टाकताना शंखाशेजारी रुपयाचं नाणं ठेवा, तोंडाच्या बाजूने एक आणि शेंड्याच्या बाजूने एक असे दोन फोटो काढा, आणि रोपाच्या बुडाशी रात्री बॅटरीने काय दिसलं तेही लिहा.